सुताचा डीएनए: पिळापासून मण्यांपर्यंत

विज्ञान प्रदर्शनात डीएनए म्हटलं की थर्माकोलची पिळदार शिडी ठरलेली. तिच्यातून ए-टी, जी-सी या रासायनिक घटकांच्या जोड्या समजतात. पण एका मानवी पेशीतला सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए ६ मायक्रोमीटरच्या केंद्रकात राहतो कसा, ते कळत नाही. त्यासाठी मापात केलेली सुताची प्रतिकृती हवी, आणि सोलापुरात सुताची काय कमी!

माप १० लाख पट धरा, म्हणजे एक नॅनोमीटरचा एक मिलिमीटर होतो. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर, म्हणून आपला दोरा २ मिमी. दोन रंगांचं सूत घ्या. चादरी-टॉवेलचं सूत बारीक असतं, म्हणून एकेका रंगाचे पुरेसे पदर एकत्र घेऊन जाडी १ मिमी करा. पेन्सिलीवर शेजारी शेजारी दहा वेढे घातल्यावर १ सेंमी भरलं की जाडी बरोबर. बाकी साहित्य थोडं: १४ लाकडी मणी, मैद्याची खळ, दुहेरी चिकटपट्टी, शिवणाचा दोरा.

आता पीळ. इथेच सर्वाधिक चुका होतात. डीएनए उजव्या पिळाचा असतो, कापडवाल्यांच्या भाषेत झेड ट्विस्ट. बाजारातला तयार दुपदरी दोरा मात्र सहसा एस ट्विस्टचा, म्हणजे डावा. एकेरी सुताला आधीच झेड पीळ असतो. दुहेरी करतानाही तोच दिला तर दोरा वेटोळतो, म्हणून तो उलटा देतात. त्यामुळे तयार दोरा नको, पीळ आपणच द्या. दोन्ही रंगांची १३५ सेंमी लांबी घेऊन एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं ड्रिलमध्ये अडकवा आणि ड्रिल रिव्हर्सवर चालवा. सरळ चालवलं तर डावा पीळ पडेल. दोरा उभा धरून बघा: समोरचे पदर खालून डावीकडून वर उजवीकडे जायला हवेत.

एका वेढ्यात सुमारे १०.५ जोड्या, दर जोडीला ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे वेढा साधारण ३.६ मिमीचा. ५ सेंमीत एकाच बाजूने एक रंग १४ वेळा दिसला की थांबा. लांबी आटून मीटरभर उरेल. दोरा ताणलेलाच ठेवून खळ लावा आणि पूर्ण वाळू द्या. आधीच सैल सोडलात तर तो स्वतःभोवती गुंडाळेल. पेशीतही हा ताण येतो. टोपोआयसोमरेज नावाची विकरं डीएनए कापून, ताण सोडवून पुन्हा जोडतात. वाळल्यावर एका रंगाला डाव्या टोकाशी आणि दुसऱ्याला उजव्या टोकाशी खूण करा, कारण दोन्ही धागे परस्परविरुद्ध दिशेने धावतात.

एक उणीव प्रेक्षकांना सांगायलाच हवी: सुतात दोन पदरांमधल्या दोन्ही खोबणी सारख्या दिसतात. खऱ्या डीएनएत मोठी खोबण सुमारे २.२ आणि लहान १.२ नॅनोमीटरची असते.

खळ फक्त पीळ टिकवायला नाही. डीएनए स्वभावतः ताठ असतो. ५० नॅनोमीटरपर्यंत, आपल्या मापात ५ सेंमीपर्यंत, तो फारसा वाकत नाही. आणि नेमकी तेवढीच लांबी, १४७ जोड्या, हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गाभ्याभोवती सुमारे १.७ वेढे घेते. हा गाभा म्हणजे आपला मणी, तो ७ किंवा ८ मिमीचा घ्या. ६ मिमीच्या मण्यावर दोन वेढे बसतात, ते चुकीचं. दोरा मण्याच्या भोकातून ओवू नका. डीएनए गाभ्याच्या बाहेरून जातो आणि वेढे डावे असतात. मण्याला चिकटपट्टी लावल्याशिवाय ताठ दोरा टिकणार नाही. पेशीत हे काम विद्युतभार करतो: हिस्टोनमधली लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं धन, डीएनएतले फॉस्फेट ऋण. दोरा जिथून शिरतो आणि निघतो तिथे शिवणाच्या दोऱ्याची गाठ मारा, हा एच१ नावाचा हिस्टोन. पुढे १.८ सेंमी मोकळा दोरा सोडून दुसरा मणी. मीटरभरात १४ मणी बसतात. ७ मिमीच्या मण्यावर दोरा धरून रुंदी ११ मिमी भरेल. न्यूक्लिओसोमचा, म्हणजे डीएनए गुंडाळलेल्या गाभ्याचा, व्यासही ११ नॅनोमीटरच आहे.

ही माळ पुढे सुबक गोल जिन्यासारखी वळवू नका. जुन्या पुस्तकांत ३० नॅनोमीटरचा तसा तंतू असतो, पण २०१७ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मानवी पेशींत ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या अनियमित साखळ्या दिसल्या. माळ वेडीवाकडी दुमडा आणि मधला फास एका कड्यातून काढा. कडं म्हणजे कोहेसिन, डीएनएचे फास धरणारं प्रथिन. खरे फास याहून फार मोठे, अनेकदा लाखो जोड्यांचे असतात. तुमच्या मीटरभर दोऱ्यात जेमतेम २,९०० आहेत.

शेजारच्या फलकावर हिशोब मांडा. या मापात एका पेशीतला डीएनए सुमारे २,१०० किमी, म्हणजे सोलापूर-पुणे चार वेळा जाऊन-येऊन, आणि केंद्रक ६ मीटरचा गोल. तरी एवढा दोरा त्या गोलाची जेमतेम ६ टक्के जागा व्यापतो. जागेची टंचाई नाहीच. अडचण आहे ती ताठपणाची, एकमेकांना ढकलणाऱ्या ऋणभारांची, गुंत्याची, आणि हवं ते जनुक हव्या त्या वेळी उघडता येण्याची.