पुट ऑफ, पुट अप विथ आणि माझी पहिली नोकरी

मी अमळनेर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, घरात "माले भूक लागनी" अशी अहिराणी आणि इंग्रजी म्हणजे पाठ केलेला निबंध. सुरत-भुसावळ लाइनच्या पॅसेंजरने अपडाऊन करत जळगावला बीएस्सी केलं, मग पुण्यात एका सॉफ्टवेअर सपोर्टच्या कंपनीत लागलो. आता गावाकडची पोरं विचारतात इंग्रजी कसं सुधारलं, तर खरं सांगू का, टेन्स वगैरे माझं बरं होतं, मला गोत्यात आणलं ते या अप-ऑफ-आउट-विथने, म्हणजे व्हर्बला असा तुकडा चिकटून वेगळाच अर्थ होतो त्या फ्रेझल व्हर्बने.

पहिल्याच महिन्यात क्लायंटचा मेल आला, "प्लीज पुट ऑफ द अपडेट, वी आर नॉट रेडी." आता शाळेत आपल्याला "लाइट पुट ऑफ कर रे" ऐकून माहिती, म्हणून मी ते अपडेट शेड्यूलमधून काढूनच टाकलं आणि निवांत चहाला गेलो. सोमवारी तिकडून फोन, अपडेट कुठंय? त्यांना पुढे ढकलायचं होतं. लय बोलणी खाल्ली. आणि वर तोच क्लायंट नंतर लिहितो की "आय वॉज पुट ऑफ बाय द रिप्लाय", म्हणजे उत्तराची भाषा त्याला खटकली. एकच पुट ऑफ, तिसरा अर्थ!

तेव्हा डोक्यात आलं की हे आपल्याकडेही आहेच की. "पैसे देऊन टाकले" आणि "पैसे देऊन बसला", देणं तेच, पण दुसऱ्यात माणूस पस्तावलेला आहे हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. म्हणून पुट वेगळं आणि ऑफ वेगळं पाठ करून काही होत नाही, जोडी आख्खीच उचलायची, शक्यतो वाक्यासकट.

खरी गडबड तिसरा तुकडा लागतो तिथे होते. रन आउट ऑफ (संपणं), कट डाऊन ऑन (कमी करणं), कॅच अप विथ (गाठणं). यात मधला तुकडा अर्थ फिरवतो आणि शेवटचा पुढच्या नामाला धरून ठेवतो, आपल्या प्रत्ययासारखा. कोणावर चिडला, कोणाशी भांडला, कोणाला कंटाळला, इथे वर का, तिथे शी का, आपण कधी विचारलं? आणि नुसतं "तो चिडला" म्हटलं की "वर" लागतच नाही. तिकडेही तसंच, "वी हॅव रन आउट ऑफ मिल्क", पण दुधाचा विषय आधीच चालू असेल तर "वी हॅव रन आउट" एवढंच, ऑफ गेला. मी कित्येक दिवस "वी हॅव रन आउट ऑफ" म्हणून वाक्य तिथेच सोडून द्यायचो, समोरचा वाट बघत बसायचा. पुट अप विथला (सहन करणं) मात्र ही सवलत नाही, काय सहन करताय ते सांगावंच लागतं.

शेवटचा तुकडा बदलला की कामही बदलतं. पुढे गेलेल्या माणसाला गाठायचं तर कॅच अप विथ, राहिलेलं काम किंवा झोप भरून काढायची तर कॅच अप ऑन. मित्राकडे सहज डोकावलात तर ड्रॉप इन ऑन, आणि त्याच्या दुकानात डोकावलात तर ड्रॉप इन अॅट.

इट, हिम, देम आले की अजून एक फाटा. "पिक अप द पार्सल" चालतं, "पिक द पार्सल अप" पण चालतं, पण "पिक अप इट" नाही, "पिक इट अप"च. तीन तुकडेवाल्यांत मात्र बहुतेक वेळा मध्ये घुसायचं नाही, "पुट अप विथ इट". आणि लुक फॉरवर्ड टू (आतुरतेने वाट बघणं) मधला टू हा टू गो वाला नाही, तो प्रीपोझिशन आहे, म्हणून पुढे मीटिंग येतं, मीट नाही. माझ्या पहिल्या वीसेक मेलमध्ये हे चुकलेलं आहे, आता बघितलं की लाज वाटते.

आपले देशी नमुने तर वेगळेच. कोप अप विथ असं काही नसतं, नुसतं कोप विथ (निभावून नेणं). इंटरव्ह्यूला गोऱ्या माणसापुढे "आय पास्ड आउट इन २०१६" म्हणू नका, त्याला वाटेल चक्कर येऊन पडला होता, ग्रॅज्युएटेड म्हणा. फॉर्म आपण फिल अप करतो, ब्रिटिश बहुतेक फिल इन म्हणतात, अमेरिकन फिल आउट, त्यात कोण चूक नाही, आपल्याकडे घरात माले आणि शाळेत मला, तसंच ते.

शोधायचं कसं, तर ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, त्यात मूळ व्हर्बच्या पानावर खाली फ्रेझल व्हर्ब असतात, आणि मध्ये दोन्हीकडे टोक असलेला बाण दिसला की समजायचं नाम मध्येही बसतं, शेवटीही. उच्चारासाठी यूग्लिश, तिथे शब्द टाकला की यूट्यूबवरचे खऱ्या लोकांचे तुकडे वाजतात. नीट ऐका, "लुक इट अप" मध्ये जोर अपवर पडतो आणि "लुक अॅट इट" मध्ये अॅट जवळपास गिळलेला असतो. मी सुट्टीत घरी जाताना जळगाव सोडलं की कानात हेच लावायचो, पाळधी, धरणगाव करत अमळनेर येईपर्यंत चार-पाचच फ्रेझल व्हर्ब व्हायचे, पण ते पक्के. एकदा एवढा रमलो की अमळनेर मागे राहिलं आणि नरडाण्याला उतरून परतीची गाडी बघावी लागली.