अंगठ्याचा स्प्लिंट कसा निवडावा आणि कसा घालावा: एका कटिंग मास्तरचं माप

एप्रिल-मे म्हणजे आमचा गणवेशाचा हंगाम. जूनला शाळा उघडायच्या आत माल बाहेर पडला पाहिजे, म्हणून सोलापुरातल्या गणवेशाच्या युनिटांत या दोन महिन्यांत कात्री खाली ठेवायला सवड नसते. अशाच एका हंगामात माझ्या उजव्या अंगठ्याचं बूड धरलं. बरणीचं झाकण फिरेना, शर्टाचं बटण लावताना डोळ्यांत पाणी. त्याला आता आठ वर्षं झाली. तेव्हापासून स्वतःसाठी चार, बायकोसाठी दोन आणि विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या ओळखीच्या अक्कांसाठी कितीतरी स्प्लिंट, म्हणजे अंगठ्याला आधार देणारे पट्टे, निवडून दिले. त्या अनुभवावरून सांगतो, "मेडिकलमध्ये जा, अंगठ्याचा पट्टा माग आणि घट्ट बांध" हा सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी पट्टा बांधलेला नसतो.

डॉक्टरांना दाखवलंय असं धरून चालतो. हातावर पडला असाल आणि अंगठा ताणल्यावर त्याच्या बुडाशी जो खळगा पडतो तिथं दाबून दुखत असेल, तर स्प्लिंट शोधत बसू नका. तिथल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतही नाही. सांधा लाल, गरम होऊन सुजला असेल किंवा ताप असेल तरी आधी दवाखाना.

दुखतंय नेमकं कुठं?

दुकानदार हे विचारत नाही, म्हणून तुम्हीच बघून जा. अंगठा मनगटाला जिथं मिळतो त्या बुडाच्या सांध्यात, चिमटीत काही धरलं की कळ येत असेल, तर बहुधा सांध्याची झीज आहे. हा सांधा घोड्यावरच्या खोगिरासारखा असतो, सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच लवकर झिजतो. पन्नाशीनंतर बायकांना हा त्रास जास्त. चिमटीत जेवढा जोर लावाल त्याच्या सुमारे १२ पट भार या बुडावर येतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभरात कात्री किती वेळा मिटते याचा हिशोब करायचं मी सोडून दिलं. या दुखण्याला आखूड स्प्लिंट लागतो. तो बूड धरतो आणि मनगट मोकळं सोडतो.

दुखणं थोडं वर, मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला असेल, तर अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे झुकवून बघा. जीव जाईल अशी कळ आली तर अंगठ्याच्या दोन शिरांचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचं, आवरण सुजलेलं असण्याची शक्यता मोठी. फ्रिट्झ द केर्व्हां या स्विस सर्जनने १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर कागदावर त्याचंच नाव लिहितात. तान्ह्या बाळाला सारखं काखेत हात घालून उचलणाऱ्या आयांना हे जास्त होतं. इथं मनगटही थांबवावं लागतं, म्हणून कोपराच्या दिशेने अर्ध्या हातापर्यंत जाणारा लांब स्प्लिंट.

अंगठ्याचा शेंडा वाकून अडकत असेल आणि कट् असा आवाज होऊन सुटत असेल, तर तो ट्रिगर थंब. त्याला वेगळा, छोटा स्प्लिंट असतो आणि तो डॉक्टरांनीच सांगावा. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, तर दुखणं मनगटातल्या नसेचं. अंगठ्याचा पट्टा तिथं काही कामाचा नाही.

मी पहिल्याच वेळी उलटं केलं. दुकानदार म्हणाला, "मास्तर, मोठा घ्या, आधार जास्त मिळतो." घेतला. दुखणं बुडात आणि बांधलं मनगट! कात्री चालवायला मनगट वळेना, म्हणून सगळा जोर खांद्यातून यायला लागला. पंधरा दिवसांत अंगठा होता तसाच आणि वर खांदा आखडला.

माल कसला घ्यावा

निओप्रीनचा, म्हणजे फुगीर रबरी कापडाचा, मऊ स्प्लिंट काही शे रुपयांत मिळतो, उबदार असतो, हलक्या दुखण्याला चालतो. आत प्लास्टिकची किंवा धातूची पट्टी असलेला त्यापेक्षा पक्का, कात्री-सुईच्या कामाला मला तोच आवडतो. तिसरा थर्मोप्लास्टिकचा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे हाताला रोजची कामं पुन्हा जमवून देणारे तज्ज्ञ, त्याचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून तुमच्याच हातावर बसवून देतात. शिवून घेतलेल्या आणि तयार शर्टात असतो तेवढाच फरक. परवडत असेल आणि दुखणं जुनं असेल तर तोच करून घ्या. फक्त मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने त्याचा आकार जातो.

डावा-उजवा बघून घ्या. "दोन्ही हातांना चालतो" असं लिहिलेला मी घेत नाही. दोन्ही हातांना चालणारा एकाही हाताला नीट बसत नाही.

माप आणि बसवणं: खरी गोची इथं आहे

आधी माप. टेप घेऊन मनगटाचा घेर, अंगठा सोडून तळहाताचा घेर आणि अंगठ्याच्या बुडाचा घेर कागदावर लिहा. माप संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या कामाने हात थोडा फुगलेला असतो. मग डब्यावरचा तक्ता बघा. एका कंपनीचा मीडियम म्हणजे दुसरीचा लार्ज, हे कपड्यात चालतं तसं इथंही चालतं. दोन मापांच्या मध्ये आलात तर मोठं घ्या. मोठा पट्टा आवळता येतो, लहान पट्ट्याला शिलाईत दाबच, म्हणजे वाढवायला आत दुमडलेलं कापडच, नसतं.

आता बसवणं. इथं मी वर्षभर चुकत होतो. मला वाटायचं, जितका आवळू तितका आधार. मनगटावरचा पट्टा मी पोत्याचं तोंड बांधल्यासारखा ओढायचो. महिन्याभरात अंगठ्याची मागची बाजू बधिर झाली, टाचणी टोचली तरी कळेना. घाबरून गेलो तर डॉक्टर हसले. मनगटाच्या त्या कडेवरून कातडीखालून एक बारीक नस जाते, घट्ट घड्याळानेही ती दबते. पट्टा सैल केल्यावर बधिरपणा जायला दोन महिने लागले. तेव्हा पक्कं ठरवलं: आधार आकाराने मिळतो, आवळण्याने नाही. बाहीचा मुंढा चुकला तर काखेत कितीही टाके घाला, बाही ओढणारच.

म्हणून आधी आकार. हात टेबलावर सैल ठेवा, करंगळीची बाजू खाली. चहाचा पेला धरल्यासारखा अंगठा तळहातापासून पुढे, गोल आणा. तो तर्जनीला चिकटलेला नको आणि लिफ्ट मागणाऱ्यासारखा ताठ बाहेरही नको. याच अवस्थेत स्प्लिंट चढवा. अंगठा आणि तर्जनीमधली खाच आधी नीट बसू द्या. तिथं कापड गोळा झालं तर उरलेलं सगळं चुकतं. मग मनगटाजवळचा पट्टा, शेवटी अंगठ्याभोवतीचा. मूठ आवळून पट्टे लावू नका. मूठ सुटली की ते सैल पडतात आणि तुम्ही पुन्हा आवळत बसता.

आता ट्रायल. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करतो तसं स्वतःला उभं करा.

अंगठ्याचा शेंडा, नखापाशी जो सांधा आहे तो, पूर्ण वाकला पाहिजे. बूड थांबवायचं आणि टोक मोकळं ठेवायचं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. नखापर्यंत झाकणारा स्प्लिंट घरी आणलात तर तो दुसऱ्या दिवशी कपाटात जातो. एका अक्कांनी तसला आणला होता. "मास्तर, हे घालून विडीचं तोंड दुमडतच नाही वो," म्हणाल्या. कसं दुमडणार? विडी वळायची ती बोटांच्या शेंड्यांनी.

अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवा. मधे चांगला गोल दिसला पाहिजे. अंगठ्याचा मधला सांधा मागे कोलमडत असेल, तर बूड नीट धरलेलं नाही, कारण तो सांधा कोलमडला की बुडावर जोर वाढतो. मग चारही बोटं मिटा. तळहातावरच्या आडव्या रेषेवर पट्ट्याची कड येत असेल तर बोटं पुरती मिटणार नाहीत आणि तिथं फोड येईल. प्रत्येक पट्ट्याखाली दुसऱ्या हाताचं एक बोट सरकलं पाहिजे. नख दाबून सोडा, दोनेक सेकंदांत गुलाबी झालं नाही तर पट्टा सैल करा. शेवटी अर्धा तास घालून काढा. लाल वळ उठले तरी हरकत नाही, पण अर्ध्या तासानंतरही तसेच राहिले तर तो स्प्लिंट तुमच्या मापाचा नाही. परत करा. म्हणूनच मी बदलून देईन म्हणणाऱ्या दुकानातूनच घेतो, फोटो बघून घरबसल्या मागवत नाही.

किती वेळ घालायचा

बुडाच्या झिजेला काम करताना, आणि रात्री कळ उठत असेल तर रात्रीही, पण रात्री पट्टे एक बोट आणखी सैल. शिरांच्या सुजेला सुरुवातीचे तीन ते सहा आठवडे जवळजवळ दिवसभर, डॉक्टर सांगतील तसा.

दोन्हींत, दिवसातून तीन-चार वेळा काढून अंगठा सावकाश फिरवायचाच. मी एकदा तीन आठवडे आंघोळीपुरताच काढला होता. दुखणं कमी झालं, पण अंगठा करंगळीच्या बुडापर्यंत पोचेना. तो मोकळा करायला पुढं सहा आठवडे गेले.

कामाच्या जागी

फिरत्या यंत्रापाशी स्प्लिंट नको. यंत्रमाग, कापड कापायची मशीन, ग्राइंडर, कुठेही लोंबता पट्टा अडकला की हात आत ओढला जातो. यावर कुणाशी वाद घालायची माझी तयारी नाही. गॅसपाशीही काढून ठेवा.

भाकरीचं पीठ मळताना तो घालता येत नाही, सगळा पिठाने माखतो. माझी बायको आता अंगठ्याने रेटत नाही, तळहाताच्या टाचेने मळते आणि थापताना बोटं पसरून थापते. ज्वारीच्या भाकऱ्या पहिल्यासारख्याच येतात, फक्त कडक भाकरीची मोठी ऑर्डर ती घेत नाही. मी स्वतः कात्रीला रोज धार बघतो. बोथट कात्री अंगठ्याचा जीव काढते, त्यावर कुठलाच पट्टा चालत नाही.

घामासाठी आत पातळ सुती मोज्याचा तुकडा घाला, अंगठ्याला भोक पाडून. सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की त्याशिवाय घामोळं ठरलेलं. घामोळं नसून खाजरे चट्टे उठले, तर निओप्रीन सोसत नाही असं समजा आणि कापडी घ्या. धुणं सोपं: साधा साबण, गार पाणी, सावलीत वाळवणं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातही त्याला एक तांब्या पुरतो.

नीट बसलेला स्प्लिंट सहा आठवडे घालूनही फरक नसेल, तर दुसरा स्प्लिंट घेऊ नका, डॉक्टरांकडे परत जा. इंजेक्शन आहे, व्यायाम आहेत, पुढचेही उपाय आहेत.

राहिला वेल्क्रो. आमच्या कामात त्यात दोऱ्याचे तुकडे आणि कापडाचा भुगा अडकतो आणि महिन्याभरात तो धरेनासा होतो. स्प्लिंट फेकू नका. जाड सुईने किंवा जुन्या दातघाशीने भुगा काढा, धुताना पट्टे चिकटवूनच धुवा. तरीही धरत नसेल तर बाजारातून तेवढ्याच रुंदीची वेल्क्रोपट्टी आणून कुठल्याही टेलरकडून बदलून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. त्याला एवढंच बजावून सांगा, की अंगठ्याच्या खाचेजवळची मूळ शिलाई उसवायची नाही आणि आतल्या बाजूला गाठ ठेवायची नाही.