पहिल्या पीआरमध्येच होणाऱ्या या चुका टाळा

पांडाजसारख्या ओपन-सोर्स पायथन लायब्ररीला कोड पाठवताना पायथनपेक्षा गिटच (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) जास्त वेळा आडवं येतं. दुरुस्ती बरोबर असते, पण पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल घ्या अशी विनंती) महिनाभर पडून राहतो, आणि कारणं पाहावीत तर तीच ती.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे फोर्कच्या, म्हणजे गिटहबवरच्या मूळ रेपोच्या आपल्या प्रतीच्या, मेन ब्रँचवरच काम करणं. पहिल्या पीआरला काही बिघडत नाही, म्हणून सवय लागते. गोंधळ होतो दुसऱ्या वेळी. पीआर म्हणजे तुमच्या बदलांची झेरॉक्स नव्हे, तो तुमच्या ब्रँचला बांधलेला असतो. पहिला पीआर उघडा असताना त्याच मेनवर नवा कमिट पुश केला की तो थेट त्या पीआरमध्येच जाऊन बसतो. तारखांची दुरुस्ती तपासायला बसलेल्या रिव्ह्यूअरसमोर मध्येच एक्सेल वाचण्याचा कोड येतो.

पीआर मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळला, तरी सुटका नाही. पांडाजमध्ये मर्ज करताना सगळे कमिट स्क्वॉश होतात, म्हणजे तुमच्या पाच कमिटांचा एकच नवा कमिट होतो आणि त्याचा हॅश (ओळख क्रमांक) वेगळा असतो. तुमच्या मेनवर जुने पाच तसेच. गिटच्या लेखी ही दोन वेगळी कामं, म्हणून पुढच्या पुलला कॉन्फ्लिक्ट येऊ शकतो. मग घायकुतीला आलेला माणूस फोर्कच डिलीट करून नवा घेतो. तेव्हा दुसरा एखादा पीआर उघडा असला तर तो अनाथ होतो, त्यात पुढची दुरुस्ती ढकलता येत नाही.

मेनवर काम करून बसलाच असाल तर क्रम असा: आधी सगळं कमिट करा, कारण हार्ड रीसेट कमिट न केलेले बदल न विचारता पुसतो. मग ‘गिट ब्रँच’ आणि नवं नाव. त्यानंतर ‘गिट फेच अपस्ट्रीम’ (अपस्ट्रीम म्हणजे मूळ रेपो), ‘गिट रीसेट --हार्ड अपस्ट्रीम/मेन’, आणि शेवटी ‘गिट स्विच’ करून नव्या ब्रँचवर. मेनवरूनच उघडलेला पीआर अजून चालू असेल, तर तो मर्ज होईपर्यंत गिटहबवरच्या तुमच्या मेनला हात लावू नका. तिथे रीसेट फोर्स-पुश केलात की पीआरमध्ये कमिटच उरत नाहीत आणि तो आपोआप बंद होतो.

दुसरी चूक ‘गिट ॲड .’ची. तीन ओळींची दुरुस्ती, पण एडिटरने सेव्ह करताना विंडोजची लाइन एंडिंग्ज घातली, आणि नऊशे ओळींची फाइल अख्खी लाल-हिरवी. रिव्ह्यूअरला स्पेस लपवून डिफ बघता येतो, हे खरं. पण त्याने ती कसरत का करावी? आणि मर्ज झालंच तर त्या फाइलच्या ब्लेममध्ये (कोणती ओळ कोणी बदलली याची नोंद) प्रत्येक ओळीवर तुमचं नाव. ‘गिट ॲड -पी’ने तुकडा-तुकडा बघून घ्या. पुश करण्याआधी ‘गिट डिफ --स्टॅट’ अपस्ट्रीमच्या मेनशी ताडून पाहा, आकडा फुगलेला दिसला की थांबा. ‘प्री-कमिट इन्स्टॉल’ (कमिट करताना कोड आपोआप तपासणारी सोय) एकदाच करायचं असतं, तेही लोक टाळतात.

टेस्टच्या नावाखाली तर काहीही चालतं. ‘रिझल्ट.इक्वल्स(एक्स्पेक्टेड)’ अशी ओळ, आणि पुढे ‘असर्ट’ लावायचं राहिलेलं. ही टेस्ट जन्मात नापास होणार नाही, कारण ‘इक्वल्स’ नुसतं खरं-खोटं परत करतं आणि ते कोणी बघतच नाही. पांडाजमध्ये यासाठी ‘टीएम.असर्ट_फ्रेम_इक्वल’ आहे. ते डीटाइप (डेटाचा प्रकार), इंडेक्स सगळं तपासतं आणि फरक कुठे आहे तेही सांगतं. टेस्ट आधी लिहा, दुरुस्तीशिवाय चालवा, ती पडलेली डोळ्यांनी बघा. पडली नाही तर तुम्ही बग पकडलेलाच नाही.

इश्यूवर (गिटहबवर नोंदवलेल्या बगवर) इंग्रजीत नुसतं ‘टेक’ लिहिलं की पांडाजमध्ये तो तुमच्या नावावर होतो. “सर, प्लीज असाइन करा” लिहून कोणाची वाट बघायची गरज नाही. घेतलात तर कराही.

वापरणाऱ्याला जाणवेल असा बग सुधारला की व्हॉट्सन्यूच्या फाइलमध्ये (आवृत्तीतल्या बदलांची यादी) इश्यू नंबरासकट एक ओळ लागते.

रिव्ह्यू सुरू झाल्यावर इतिहास फोर्स-पुशने सजवू नका. रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांचा धागा तुटतो, आणि शेवटी स्क्वॉश होणारच आहे.

रीडमीत नाव घालायचा पीआर नको. 2024 च्या सुरुवातीला नोडच्या एक्सप्रेसवर अशा पीआरांचा पूर आला होता. शिकवणीच्या व्हिडिओतलं उदाहरण मुलांनी खऱ्या रेपोवर गिरवलं. रेपो सांभाळणाऱ्यांना असे पीआर एकेक बंद करत बसावं लागतं, फुकटात.

आणि सीआय (पीआरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्या) लाल झाला की लगेच रिकामा कमिट ढकलून नशीब अजमावू नका. लॉग उघडा, पडलेल्या टेस्टचं नाव घ्या, ती आपल्या मशीनवर पायटेस्टने एकटीच चालवा. मग तीच टेस्ट मेनवरही पडते का बघा. पडत असेल तर पीआरमध्ये तसं एका ओळीत लिहा आणि रिव्ह्यूची वाट बघा.