शेवाळ बांधून डाळिंबाची गुटी कशी करावी

सोलापुरात ‘शेवाळ’ म्हटलं की सिद्धेश्वर तलावाच्या कडेची हिरवी बुळबुळ डोळ्यांसमोर येते. गुटीला, म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडून नवं रोप करायला, ती चालत नाही. वाळली की नुसता पापुद्रा उरतो. गुटीला लागतं ते स्फॅग्नम मॉस. हे थंड प्रदेशातल्या दलदलीत वाढतं, आणि नर्सरीच्या सामानाच्या दुकानात वाळवलेलं, पिवळट रंगाचं मिळतं. त्याच्या पानांतल्या बऱ्याच पेशी मेलेल्या, पोकळ असतात. त्यांत स्वतःच्या वजनाच्या वीसेक पट पाणी मावतं, आणि ते लवकर कुजतही नाही. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) कापूस पुरेना, तेव्हा ब्रिटनमध्ये सैनिकांच्या जखमांवर याच मॉसच्या पट्ट्या बांधत. आपण ते झाडाच्या जखमेवर बांधतो.

पाऊस लागला की कामाला लागा, जुलै-ऑगस्ट उत्तम. आपल्याकडच्या मे महिन्यात या फंदात पडूच नका.

आधी झाड बघा. तेल्या, म्हणजे फळापानांवर तेलकट डाग पाडणारा रोग, असलेल्या बागेतली गुटी म्हणजे रोग पिशवीत घालून घरी आणणं. तिथलं भगवा जातीचं डाळिंब कितीही देखणं असो, तिकडे फिरकू नका. झाड निरोगी असेल तर त्याची वर्षभराची, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडा.

मॉस तासभर भिजत घाला आणि घट्ट पिळा. मूठ दाबली तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नाही. हाताला खरचटलेलं असेल तर हातमोजे घाला. या मॉसमधली एक बुरशी जखमेतून कातडीत शिरते.

चाकू स्पिरिटने पुसून अडीच-तीन सेंटीमीटर रुंदीची साल गोल काढा. खालचा ओलसर बुळबुळीत थरही खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळून येते आणि मुळांचं नावच नको. पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरताना कापाच्या वरच्या कडेला अडतं, मुळं तिथूनच फुटतात. म्हणून मुळं फुटायची पावडर वरच्या कडेलाच लावा.

आता मॉसचा लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा कापाभोवती दाबून बसवा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने करकचून बांधा. वरची गाठ जास्त घट्ट. पहिल्या वर्षी माझी तीच सैल राहिली, पावसाचं पाणी आत मुरलं. सोडून पाहिलं तर गटारासारखा वास आणि फांदी काळी पडलेली.

महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसतात. ती तपकिरी व्हायला लागली की खालच्या गाठीखाली अर्धा काप घ्या, आठवड्याने पूर्ण कापा. निम्मी पानं छाटा, प्लॅस्टिक काढा आणि रोप पिशवीत लावून सावलीत ठेवा. मॉस मात्र सोडवत बसू नका, कोवळी मुळं त्याच्यासकट तुटून येतात.