भरती-ओहोटीचे गणित: सीमधील लायब्ररी सी-शार्पमधून वापरताना

रत्नागिरीच्या एका जेटीवरील छोट्या पडद्यावर पुढच्या चोवीस तासांतील पाण्याची उंची दाखवायची होती. उंचीचे गणित सी भाषेतील लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅमना बोलावता येणाऱ्या फंक्शनांच्या संचात, लिहून तपासलेले होते, तर पडदा चालवणारा प्रोग्रॅम डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या मंचावरच्या सी-शार्पमध्ये होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नौका शाकारून किनाऱ्यावर घेतलेल्या असतात. त्याच दोन महिन्यांत मी ही जोडणी केली. असे काम करू पाहणाऱ्याने एक गोष्ट आधी मनात पक्की करावी: सीच्या कंपायलरला सी-शार्पचा मजकूर दिसत नाही आणि सी-शार्पच्या कंपायलरला सीचा. दोघांमधला करार कोणीही तपासत नाही, म्हणून तो लहान ठेवावा आणि स्वतः तपासावा.

सुरुवात कंपाइल करण्यापासून नव्हे, तर फंक्शने जाहीर करणाऱ्या हेडर फाइलपासून करावी. बाहेरून बोलावायची फंक्शने मोजकी असावीत. माझ्याकडे शेवटी एकच उरले: वेळांची यादी घ्यायची, तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या यादीत उंची भरायची आणि काही चुकले तर त्रुटीचा क्रमांक परत करायचा. लायब्ररी सी-प्लस-प्लसमध्ये असेल, तर या फंक्शनांभोवती ‘एक्स्टर्न सी’ लिहिणे आवश्यक आहे, कारण एरवी कंपायलर नावात प्रकारांची माहिती गुंफतो आणि सी-शार्पला मूळ नाव सापडत नाही. सी-प्लस-प्लसचे एक्सेप्शनही (त्रुटी कळवणारा संकेत) या सीमेपलीकडे जाऊ देऊ नये. ते आतच पकडून त्याचा क्रमांक करावा.

सर्वांत जास्त काळजी प्रकारांच्या मापाची घ्यावी. सी-शार्पमधील ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार नेहमी ८ बाइटचा असतो, पण सीमधील ‘लाँग’ ६४ बिटी लिनक्सवर ८ आणि ६४ बिटी विंडोजवर ४ बाइटचा असतो. मी वेळा १९७० पासूनच्या सेकंदांत मोजून ‘लाँग’च्या यादीत पाठवल्या होत्या. लिनक्सवर सगळे बरोबर आले. विंडोजवर मात्र तक्त्यात एकाआड एक ओळीत तोच आकडा दिसू लागला, आणि उरलेल्या ओळींतील उंची निम्म्या गतीने पुढे सरकत होती. सी प्रत्येक आठ बाइटचे दोन तुकडे करून वाचत होते: पहिल्या तुकड्यात खरी वेळ, दुसऱ्यात शून्य, म्हणजे १ जानेवारी १९७०. प्रोग्रॅम बंद पडला नाही, त्रुटीही आली नाही. मासेमाराने भरवसा ठेवावा अशा पडद्यावर हे घडले असते, या विचाराने मी तो तक्ता आजही जपून ठेवला आहे. म्हणून हेडरमध्ये नुसता ‘लाँग’ कधीही लिहू नये. ‘इंट६४_टी’ किंवा ‘इंट३२_टी’ असे माप सांगणारेच प्रकार वापरावेत. ‘बूल’ही टाळलेला बरा, कारण तो सीमध्ये सहसा १ बाइटचा असतो आणि डीएलएल-इंपोर्टच्या, म्हणजे सी-शार्पमधून सीचे फंक्शन बोलावण्याच्या, मूळ पद्धतीत डॉटनेट तो ४ बाइटचा धरते.

लिनक्सवर जीसीसी या कंपायलरला ‘शेअर्ड’ आणि ‘एफपिक’ हे दोन पर्याय द्यावेत. कोसाइनसारखी गणिती फंक्शने वापरली असतील, तर आदेशात स्रोत फाइलींच्या नंतर ‘एलएम’ जोडावे. ते विसरले तरी लायब्ररी तक्रार न करता तयार होते, कारण शेअर्ड लायब्ररीत अपुरी नावे चालतात, आणि दोष पुढे चालवताना उघड होतो. लिंकरला (कंपाइल केलेले तुकडे जोडणाऱ्या साधनाला) ‘झेड डेफ्स’ हा पर्याय दिल्यास तो तेथेच अडवतो. विंडोजवर बाहेर दिसायची फंक्शने ‘डीएलएल-एक्स्पोर्ट’ अशी खूण करून जाहीर करावी लागतात. नावे खरोखर बाहेर दिसतात का, हे लिनक्सवर ‘एनएम’ला ‘डी’ पर्याय देऊन आणि विंडोजवर ‘डंपबिन’ने पाहावे.

पडद्यामागे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल, तर तेथील प्रणाली ३२ बिटी की ६४ बिटी हे आधी विचारावे. ‘यूनेम’ या आदेशावर विसंबू नये: ते कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, उत्तर देते, आणि ६४ बिटी कर्नलवर बाकीची प्रणाली ३२ बिटी असू शकते. ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ हा आदेश नेमके उत्तर देतो. तसेच नव्या लिनक्सवर बांधलेल्या लायब्ररीला जुन्या लिनक्सवरील जीलिबसी (सीची मूळ लायब्ररी) नाकारू शकते, म्हणून जी सर्वांत जुनी प्रणाली सांभाळायची आहे तिच्यावरच कंपाइल करावे.

सी-शार्पच्या बाजूला डॉटनेट ७ पासून ‘लायब्ररी-इंपोर्ट’ उपलब्ध आहे. त्यापूर्वीच्या आवृत्तीत ‘डीएलएल-इंपोर्ट’ वापरावे. लायब्ररीचे नाव ‘लिब’ आणि ‘एसओ’शिवाय लिहावे, म्हणजे डॉटनेट त्या त्या प्रणालीला साजेसे नाव स्वतः शोधते. ‘डीएलएल नॉट फाउंड’ दिसले आणि फाइल तर जागेवर आहे, असे झाल्यास ती ज्यांवर अवलंबून आहे त्या लायब्ररी ‘एलडीडी’ने तपासाव्यात. ‘एंट्री पॉइंट नॉट फाउंड’ म्हणजे नाव चुकले आहे. विंडोजवर ‘बॅड इमेज फॉरमॅट’ आले, तर बहुधा ३२ आणि ६४ बिटींची सरमिसळ झाली आहे.

स्मृतीचा नियम सोपा ठेवावा: यादी सी-शार्पने तयार करावी, सीने ती फक्त भरावी आणि फंक्शन संपल्यावर तिचा पत्ता जवळ ठेवू नये, कारण गार्बेज कलेक्टर (न लागणारी स्मृती आपोआप मोकळी करणारा डॉटनेटचा भाग) ती नंतर हलवू शकतो.

उत्तर पारखायला कोकणात जुना आडाखा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पडद्यावर अष्टमीची भरती बाराला दिसली, तर वेळेची जोडणी कुठेतरी चुकली आहे. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटी, दिसलाच पाहिजे. भरतीच्या गणितात चंद्राच्या मुख्य घटकाचा कोन तासाला २८.९८४ अंश सरकतो आणि सूर्याच्या घटकाचा ३० अंश. हे दोन घटक एकत्र आले की उधाण, परस्परविरुद्ध गेले की भांग. सीचे कोसाइन अंश नव्हे, रेडियन घेते, आणि ते रूपांतर राहिले तर उधाण-भांगाचा हा क्रम लगेच मोडतो. म्हणून एका पंधरवड्याचे आकडे प्रत्येक प्रणालीवर काढून शेजारी शेजारी ठेवावेत आणि ते मिलिमीटरपर्यंत जुळल्यावरच लायब्ररी जेटीवर न्यावी.