संस्थेसाठी अनुदान शोधताय? आधी दुसऱ्यांचे अहवाल चाळा

अनुदानासाठी ‘अर्ज मागवत आहोत’ अशा जाहिरातींमागे धावण्यात फार वेळ जातो. त्यापेक्षा तुमच्यासारखंच काम करणाऱ्या, तुमच्याच आकाराच्या चार-पाच संस्थांचे वार्षिक अहवाल मिळवा आणि मागच्या पानांवरची देणगीदारांची यादी वाचा. अशा कामाला खरोखर पैसे देणारे तिथेच सापडतात. मग त्यांनी आजवर कुणाला किती रक्कम दिली ते बघा. छोट्याच रकमा देत असतील, तर उदाहरणार्थ वाचनालयाच्या पुस्तकांसाठी मागा, इमारतीसाठी नको. आणि हो, पैसे आधी मिळणार की खर्चाची बिलं सादर केल्यावर, हे नियमावलीत नीट शोधा. बिलांनंतर असतील, तर तोवर पदरचे कोण घालणार?