सुपरहिरोची गोष्ट लिहिताय? या चुका टाळा

नवीन लिहिणाऱ्यांच्या सुपरहिरो-संहिता माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकींच्या पहिल्याच पानावर पाऊस, अंधारी गल्ली आणि रक्त असतं. नायक सिगरेट ओढत सांगतो, "हे शहर सडलंय." पुढे कोण दगा देणार, हे मला तिथेच कळतं.

कडवटपणा म्हणजे प्रगल्भता, असं समजणं

हे खूळ १९८६ पासूनचं. त्या वर्षी फ्रँक मिलरचं 'द डार्क नाइट रिटर्न्स' हे बॅटमॅनचं कॉमिक आलं आणि ॲलन मूर-डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन'चे १२ अंक सुरू झाले. दोन्ही थोर कामं. पण नक्कल करणाऱ्यांनी त्यांतून उचललं काय, तर मारझोड आणि 'वॉचमेन'मधल्या रोर्शाक या निर्दय नायकाचा मुखवटा. रोर्शाक आदर्श म्हणून लिहिलेला नाही, हे मूर यांनी स्वतः सांगितलंय, तरी लोकांना तोच व्हायचं असतं.

त्यांना मी 'वॉचमेन'चा अकरावा अंक पुन्हा वाचायला लावतो. डॉ. माल्कम लाँग हा रोर्शाकला तुरुंगात तपासणारा मानसोपचारतज्ज्ञ. त्या कामापायी त्याचा संसार मोडायला आलाय. बायको परत यायला तयार आहे, पण असल्या दुःखी माणसांत गुंतणं त्याने थांबवायला हवं. तेवढ्यात रस्त्यावर मारामारी जुंपते आणि लाँग बायकोला तिथेच सोडून ती थांबवायला जातो. काही क्षणांत न्यूयॉर्कवर संहार कोसळतो. तेव्हा पेपरवाला आणि त्याच्या स्टॉलशेजारी फुकट कॉमिक वाचत बसणारा मुलगा एकमेकांना बिलगतात. या माणसांमुळे तो विध्वंस जिव्हारी लागतो. ती काढून टाका, उरेल नुसता स्फोट.

एका कार्यशाळेत एका तरुणाने संहिता आणली होती. दुसऱ्या पानावर नायकाच्या बहिणीचा खून, पाचव्यापर्यंत तीन गुंड ठार, शेवटी गुरूच खलनायक. मी विचारलं, "बहीण काय करायची?" उत्तर नव्हतं. तिला नावसुद्धा नव्हतं. चार पानं फक्त तिच्यावर लिही, म्हटलं, तर तो वैतागला. "सर, वाचक तेवढा थांबत नाही." वाचक थांबतो. लिहिणाऱ्यालाच थांबवत नाही, आणि या घाईचा मला मनापासून राग येतो. कुरकुरत त्याने ती पानं लिहिली. बहीण चाळीतल्या म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज भरून द्यायची, असं त्यात निघालं. मग नायकाला सूडापेक्षा मोठं काम मिळालं, कारण ते अर्ज आता कोण भरणार? गुरूची गद्दारी त्याने आपणहून काढून टाकली.

माझी सवय सांगतो. नायकाला कोणाला वाचवायचंय, त्या माणसाचा एक साधा दिवस मी आधी लिहितो. मारामारी नंतर.

आशावाद फुकट वाटणं

ही उलट बाजूची चूक, तितकीच वाईट. नायक गोड हसतो, भाषण देतो, सगळे सुधारतात. सुपरमॅन असाच भोळा, असं सांगणाऱ्यांनी १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक उघडून पाहावा. महामंदीच्या काळात जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या दोन पोरांनी रचलेला हा नायक मध्यरात्री गव्हर्नरच्या घराचं दार तोडून निर्दोष बाईचा मृत्युदंड टाळतो आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चोपतो. त्याच्या आशेत संताप आहे.

आशेची किंमत पानांवर दिसली पाहिजे. १९६६ च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या ३३व्या अंकात तो अवजड यंत्राखाली अडकलाय, वर पाणी भरतंय, आणि मे काकूचं औषध समोर, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर पडलंय. तो ते यंत्र उचलतो, पण चित्रकार स्टीव्ह डिटको ते एका चौकटीत उरकत नाही, पानांमागून पानं देतो. याउलट ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या 'ऑल-स्टार सुपरमॅन'मध्ये इमारतीच्या कडेवर उभ्या असलेल्या मुलीसाठी एकच पान पुरतं. सुपरमॅन मागे येऊन सांगतो की तुझ्या डॉक्टरला खरंच उशीर झाला, आणि तुला वाटतं त्याहून तू खंबीर आहेस. तो स्वतः मरणाच्या दारात आहे हे वाचकाला आधीपासून माहीत असतं. त्या पानाचं वजन तिथून येतं.

बाकीच्या, थोडक्यात

- नायकाने खून केला की गोष्ट वास्तववादी झाली, हा आळस आहे. २००१ च्या 'ॲक्शन कॉमिक्स' ७७५ मध्ये सुपरमॅन खुनी झाल्याचं फक्त भासवतो, आणि तेवढ्याने सगळे हादरतात.
- प्रत्येक हळव्या क्षणानंतर विनोद टाकू नका. भावनेला घाबरणं हाही कडवटपणाच.
- आई-वडील मारून टाकणं हा भूतकाळ लिहिण्याचा शॉर्टकट आहे. जिवंत आई जास्त अडचणी निर्माण करते.
- एक गोष्ट पुरी होण्याआधी दहा नायकांचं 'युनिव्हर्स' आखू नका. मला नकाशे आणि पोस्टर पाठवू नका, पहिली वीस पानं पाठवा.